गच्चीवरचा पंप

"मासे किती आहेत?"

माझ्या हातातली पाण्याची बाटली उजेडात धरून त्याने विचारलं, आणि मी म्हटलं, "एकबी नाई."

"म्हणजे... सगळे मेले?"

त्याचा चेहरा इतका खरोखरीचा पडला, की मला हसू आवरेना. "मासे नाईत हो. पालक आहे. बादलीतला."

गोकुळपेठेतलं ते मासे विकायचं दुकान. चारी भिंतींना काचेच्या पेट्या, त्यांत हिरवा-निळा उजेड आणि सगळीकडून बुडबुड आवाज. जानेवारीतली संध्याकाळ होती आणि मी तिथे फक्त पाण्यात हवा सोडायचा छोटा पंप घ्यायला आले होते. मातीशिवाय, नुसत्या पाण्यात खत विरघळवून भाजी पिकवायचा नाद मला मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून लागला होता. व्हिडिओत सगळ्यांचा पालक हिरवागार. माझा मात्र पिवळा, मरतुकडा... दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासणारी मी, घरच्या चार पानांना काय झालंय ते काही मला कळेना.

"पाणी बोअरचं घेता का?"

"हाव."

"थांबा मग." त्याने थोडं पाणी काचेच्या नळीत ओतलं, वरून कसलेसे थेंब टाकले. पाणी गर्द निळं झालं. ते माझ्या डोळ्यांसमोर धरून तो म्हणाला, "हे पाहा. तुमी पालकाले पोटभर वाढून राहिल्या, पन त्याचं तोंड शिवून ठेवलं. जड पाण्यात त्याच्या पोटात काही जातच नाई."

"मी कोणाचं तोंड शिवत नसते."

"ते दिसूनच राहिलं," तो हळूच म्हणाला. "आल्यापासून तुमीच बोलून राहिल्या."

त्याचं नाव प्रेमानंद. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. त्याने सांगितलं, नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवायचं, त्यात या बाटलीतले इतके थेंब टाकायचे, आणि पुढच्या गुरुवारी पाणी आणून दाखवायचं.

"पाणी दाखवायले यायचं?"

"मग काय पालकाले ऑटोत बसवून आनता?"

मी गेले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही गेले. चौथ्या गुरुवारी पालक खाऊन संपला होता, तरी मी बाटली भरून नेली. त्याने त्यात क्षार मोजायचं मीटर बुडवलं, आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं... आणि मान खाली घालून हसला.

"हे तर फिल्टरचं पिण्याचं पाणी आहे वं."

माझे कान तापले. चोरी पकडली गेली होती आणि मला त्याचं काहीच वाईट वाटत नव्हतं. आपल्या माणसाला म्हणतात तसं "वं" म्हणाला होता तो मला! पहिल्यांदा.

प्रेमानंद खाप्याचा. त्याच्या वडिलांचं जाळं पिढ्यान् पिढ्या कन्हान नदीत पडत आलेलं. "आमच्याकडं मासा ताटात येते," तो सांगायचा, "मी त्याले काचेत ठेवतो. बाबाले वाटते, पोरगं बिघडलं." दुकान त्याचं नव्हतं, तो तिथे नोकरीला होता. पण त्याच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. धरमपेठेत नवे कॅफे निघाले होते, त्यांना पास्ता-पिझ्झ्यावर घालायला बेसिल लागायची. आपल्या तुळशीची परदेशी चुलतबहीण म्हणा. ती बाहेरगावाहून यायची आणि नागपुरात पोचेपर्यंत काळी पडायची. ऋषिकेश नावाचा एक कॅफेवाला त्याला म्हणाला होता, ताजी देत असशील तर दर आठवड्याला घेतो, पण आधी रोपं डोळ्यांनी पाहीन.

"लावायची कुठी, हाच सवाल आहे," प्रेमानंद म्हणाला. "माझी तर एक खोली. तिच्यात मीच कसाबसा मावतो."

"आमची गच्ची आहे," मी म्हणून टाकलं.

घरी मी सांगितलं, माझा छंद आहे. आईबाबांना बरंच वाटलं, पोरगी मोबाईल सोडून गच्चीवर जाते म्हणून. फेब्रुवारीत चार पांढरे पाईप आले, प्रत्येकाला अठरा भोकं. खाली पाण्याची टाकी, टाकीत पंप. पंप पाणी वर ढकलायचा आणि ते पाईपांतून पातळ धारेने वाहत परत टाकीत पडायचं. मुळं त्या धारेत पाय सोडून बसलेली. वर हिरवी नेट. पंप मात्र त्याने साधा कूलरचा लावला. मी नाक मुरडलं तर म्हणाला, "नागपुरात पंप बिघडला तर कोपऱ्यावरच्या दुकानात भेटला पाहिजे. फॅन्सी घेऊन काय पूजा करायची आहे का त्याची?"

आई त्याला "पाईपवाला पोरगा" म्हणायची आणि चहाबरोबर आग्रहाने चिवडा द्यायची. तो "काकू, पुरे नं" म्हणत सगळा संपवायचा. मी जिन्याच्या पायरीवर बसून हे पाहायची. वर गेलं की आम्ही दोघं रोपांवर वाकायचो. बेसिलचं पान चुरडून तो माझ्या नाकाशी धरायचा आणि त्या वासात त्याच्या बोटांचा वास मिसळलेला असायचा... मी उगाच म्हणायची, "नीट नाई आला वास. आणखी एक तोड."

"अशी तोडत राहिलो तर ऋषिकेशले काय देऊ, देठं?"

मार्चअखेरीस बेसिल गुडघ्याएवढी झाली. बहात्तरच्या बहात्तर. एका संध्याकाळी त्याने माझा हात धरला. धरला म्हणजे, मी मीटर देत होते, त्याने मीटर घेतलंच नाही, हात तसाच धरून ठेवला.

"हा पहिला माल गेला नं," तो म्हणाला, "का मी तुझ्या बाबांसमोर येऊन बसतो. रिकाम्या हातानं नाई यायचं मले. पन तू तवर घरी थोडं थोडं सांगून ठेव. एकदम डोक्यावर नको पडाले त्यांच्या."

"सांगते."

"नक्की?"

"सांगते म्हटलं नं गा!"

नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू. बाबा जेवत असले की वाटायचं, जेवू दे. टीव्हीसमोर बसले की वाटायचं, मॅच संपू दे. खरं कारण हे की त्याचं आडनाव ऐकून, त्याची नोकरी ऐकून बाबांचा चेहरा कसा होईल ते मी मनातल्या मनात पाहून ठेवलं होतं आणि त्या चेहऱ्याला मी भीत होते. भित्र्या माणसाला कारणं पैशाला पासरी मिळतात.

एप्रिल लागला आणि खाप्याहून फोन आला, त्याचे वडील काठावरून घसरले, पाय मोडला. प्रेमानंद दहा दिवसांसाठी निघाला. निघताना गच्चीवर आला. ऊन मी म्हणत होतं. त्याने मला सगळं पुन्हा समजावलं. दुपारी टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडायच्या. पाणी कमी झालं तर साधंच पाणी घालायचं, खत नाही.

"आन पंप. बाकी काही चुकलं तर चालते. पंप बंद नाई पडला पाहिजे. मातीत झाडाले ओल राहते, इथं काहीच नाई. या उन्हात अर्धा तास, बस. लाईन गेली तर मगानं पाणी टाक, पन टाक."

"तुझ्या पोरांवानी सांभाळीन."

"पोरं तुझीबी आहेत," तो म्हणाला आणि लाजून पटकन जिना उतरला. मी कितीतरी वेळ तशीच उन्हात उभी होते.

तो गेल्याच्या पाचव्या दिवशी, रविवारी, मला पाहायला पाहुणे आले.

काटोलकडचं स्थळ. मुलगा पुण्यात इंजिनिअर. आईने शुक्रवारी सांगितलं आणि मी "नको" म्हटलं नाही. मनात म्हटलं, येऊ दे, पोहे खाऊन जातील, नंतर काहीतरी खोट काढून नकार देऊ. वेळ मारून नेण्यात मी पटाईत झाले होते. प्रेमानंदला तर यातलं काहीच कळवलं नाही. वडिलांच्या खाटेपाशी बसलेल्या माणसाला उगाच घोर कशाला, असं स्वतःला समजावलं. किती समजूतदार मी!

अकरा वाजता हॉलमधल्या कूलरचा पंप जळाला. बाहेर त्रेचाळीस. पाहुणे कोपऱ्यावर येऊन ठेपलेले, रविवारमुळे दुकान बंद. बाबांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. ते म्हणाले, "अस्मिता, तुझ्या त्या गच्चीवरचा काढ नं. कूलरचाच आहे तो. तासाभराचा तर प्रश्न आहे."

"बाबा, त्यानं झाडं..."

"झाडं काय पळून चालली का? लोकं घामाघूम बसतील, बरं दिसते का?"

तिथे मला बोलता आलं असतं. बाबा, ती झाडं म्हणजे काय आहे ते ऐका, एवढंच. मी वर गेले. पंप मी माझ्या हाताने काढला. पाईपांतलं पाणी टाकीत उतरत गेलं, आवाज बारीक होत होत थांबला. मगाने दोन-चारदा पाणी ओतलं. अर्ध्या तासाने पुन्हा येऊन ओतीन, असं ठरवून खाली आले.

पाहुणे जेवायला थांबले. मुलाच्या आत्याला आईचं भरलं वांगं फार आवडलं. मी साडी नेसून काठीसारखी सरळ बसले होते आणि कूलरची थंडगार, वाळ्याच्या वासाची झुळूक माझ्या तोंडावर येत होती. दोनदा उठायचा प्रयत्न केला, दोनदा आईने डोळ्यांनी बसवलं. त्या गारव्यात बसून मला ठाऊक होतं, वर काय चाललं असेल.

चार वाजता ते गेले आणि मी साडीतच जिना चढले. बहात्तर रोपं माना टाकून पाईपावर लोळत होती. मी पंप लावला, पाणी सुरू केलं, आणि मग... मग मी खताची बाटली उचलून टाकीत ओतली. दुप्पट. आजारी माणसाला ताकद यावी म्हणून आपण जसं बळेबळे खाऊ घालतो, तसं. साधंच पाणी घालायचं, हे त्याने बजावलेलं असूनही. सकाळपर्यंत कदाचित वाचली असती ती दहा-वीस रोपंही मी अशी प्रेमाने मारली.

संध्याकाळी त्याचा फोन.

"काय म्हणतात पोरं?"

माझ्यासमोर पाईपांवरची रोपं काळवंडत चालली होती. खरं सांगायचं तर पंप का काढला ते सांगावं लागणार. ते सांगायचं तर पाहुणे कशाला आले ते. आणि ते सांगायचं तर, घरी मी अजून तोंड उघडलं नाही, हे.

"मस्त आहेत," मी म्हटलं.

"फोटो पाठवजो नं."

मी गुरुवारचा फोटो पाठवला. सोमवारी बुधवारचा. मंगळवारी मुद्दाम वेगळ्या कोनातून काढलेला एक जुना सापडला. सहा दिवस मी त्याच्याशी हसून, चिडवून बोलले आणि सहा दिवस त्याला मेलेल्या झाडांचे जिवंत फोटो पाठवले. वाटत होतं, तो येईल तेव्हा समोरासमोर सांगू. तोंडी सांगितलं की समजेल तो.

शनिवारी तो आला, पण खाप्याहून येताच धरमपेठेतून थेट ऋषिकेशलाच घेऊन आला. दाढी वाढलेली, हातात आईसाठी गावाकडच्या कैऱ्या. माझ्याकडे पाहून असा हसला, की जिन्यातच सांगायचं ठरवलेलं राहूनच गेलं. "थांब नं, आधी ऐक..." मी म्हणेपर्यंत तो दोन-दोन पायऱ्या चढून वर गेला होता.

ऋषिकेश सभ्य माणूस. वाळलेल्या काड्यांच्या रांगा पाहून त्याने फक्त स्वतःचा मोबाईल काढला. प्रेमानंदने त्याला पाठवलेला कालचा फोटो पाहिला, पुन्हा पाईप पाहिले. "हे काय आहे भाऊ?" म्हणाला. मग प्रेमानंदच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला.

प्रेमानंद टाकीपाशी उकिडवा बसला. आत हात घालून म्हणाला, "पंप कुठी आहे?"

मी जिन्याकडे पाहिलं. तो खाली आला. हॉलमध्ये कूलर चालू होता. कूलरच्या पाण्यातून वर आलेल्या वायरवर त्याने स्वतः गुंडाळलेली निळी चिकटपट्टी दिसत होती.

"अरे, तो तुझाच पंप आहे," आई पाण्याचा पेला त्याच्यापुढे धरत सहज म्हणाली. "गेल्या रविवारी हिले पाहायले पाहुणे आले होते नं, ऐन वेळी आमचा जळाला. झाडं सुकलीच होती, म्हणून मग पुन्हा इथंच आणून लावला."

त्याने पाणी पूर्ण प्यायलं. पेला नीट टेबलावर ठेवला.

"चांगलं आहे का स्थळ, काकू?"

"हाव, पुण्यात आहे पोरगा."

"चांगलं झालं." मग माझ्याकडे वळून, अगदी पहिल्या दिवशीच्या आवाजात तो म्हणाला, "येतो मी. पाईप नेतो कधीतरी येऊन, तुमाले अडचण नसली तर."

तुमाले. मी फाटकापर्यंत धावत गेले. "प्रेमानंद, मी नकारच देणार होती! खरंच."

"देणार होती," तो म्हणाला. "घरीबी सांगणार होती. मलेबी सांगणार होती."

"झाडं पुन्हा लावू नं आपण..."

"झाडं मरतात वं. मी मासे विकतो, मरणं मी रोज पाहतो. तू रविवारीच सांगितलं असतं, तर मी ऋषिकेशले म्हटलं असतं, महिनाभर थांब. थांबला असता तो. काहून नाई सांगितलं?"

तो गेला.

त्याच संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. गाव, आडनाव, नोकरी, बेसिल, पंप... एका दमात. आई रडली. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "पोरगं मेहनती आहे. बोलाव त्याले, पाहू." आणि मग कपाळाला आठी घालून, "एवढंच होतं तर आधी काहून नाई सांगितलं? मी काय खाऊन टाकलं असतं का तुले?"

ज्या चेहऱ्याला मी इतके दिवस भीत होते, तो कधी झालाच नाही. याचं मला जे दुःख झालं, ते कोणाला सांगून कळायचं नाही.

फोन तो उचलत नव्हता. दुकान त्याने सोडलं होतं. पंधरा दिवसांनी मी बस पकडून खाप्याला गेले. अंगणात त्याचे वडील प्लास्टरचा पाय खाटेवर ठेवून बसले होते. मी नाव सांगितलं तर म्हाताऱ्याचे डोळे चमकले आणि लगेच विझले. ते ओळखत होते मला!

प्रेमानंद मला सोडायला स्टँडपर्यंत आला. वाटेत मी सांगितलं, "बाबा हो म्हणाले."

तो थबकला. क्षणभर, एकच क्षण, त्याच्या चेहऱ्यावर जुना आनंद आला. मी तो पाहिला. नसता पाहिला तर बरं झालं असतं.

"राग आहे नं तुले माझा?"

"राग तर आठ दिवसांत गेला."

"मंग?"

"मी बाबाच्या खाटेपाशी बसून ते फोटो पाहत होतो," तो शांतपणे म्हणाला. "बाबाले दाखवत होतो. हे पाहा, तुमची सून कशी जपून राहिली. मी दिवसभर लोकांचं पाणी तपासतो अस्मिता, पन तुझं बोलणं मी कधी तपासलं नाई. मनातच नाई आलं. आता तू 'मस्त आहे' म्हणशील, तर मी जिना चढून पाहून येईन. दरवेळी पाहीन. आन तुले ते दिसन."

"मी पुन्हा कधी असं..."

"नाई करणार. मले माहीत आहे." किती हळू म्हणाला तो! "तू नाई करणार. खोट आता माझ्यात आली आहे. ते तुझ्याच्यानं नाई निघणार."

बस आली, गर्दी झाली. त्याने खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली. मी बसले, खिडकीतून रुमाल परत दिला. ठेव, म्हणेल असं वाटलं. तो घेऊन त्याने खिशात ठेवला. "पाणी पिऊन घेजो, ऊन आहे," एवढंच बोलला, आणि बस वळेपर्यंत तिथेच उभा राहिला.

नागपूरला स्टँडवर बाबा स्कूटर घेऊन आले होते. घरातून निघताना त्यांनी चांगला सदरा घातला होता. उत्सुकता लपवत म्हणाले, "काय? कधी येते म्हणाला?"

सांगता आलं असतं, वडील बरे झाले की येतो म्हणाला. महिना-दोन महिने सहज निघून गेले असते.

"नाई येणार, बाबा. कधीच नाई येणार," मी म्हटलं. "आन त्याची काही चूक नाई. मी फसवलं त्याले."

बाबांनी स्कूटरला किक मारली, मी मागे बसले. खरं सांगितलं की माणूस मोकळं होतं, असं लोक म्हणतात. मी तर रस्ताभर बाबांच्या त्या इस्त्रीच्या सदऱ्यात तोंड खुपसून रडत होते.